हजार खोल्यांतला अबोला

निकाल दोघींनी एकत्र उघडायचा, हे केतकीनंच ठरवलं होतं. म्हणजे बघा, स्वतःच्या फजितीची वेळही तिनंच ठरवली, जागाही तिनंच निवडली आणि साक्षीदारालाही तिनंच बोलावलं.

जागा म्हणजे माने काकूंची गच्ची. मिरजेत गणेश तलावाच्या पुढं सुयोग कॉलनी आहे, तिथं मगदूमांचं आणि मान्यांचं घर भिंतीला भिंत लागून. केतकी मगदूम आणि सुरभी माने पहिलीपासून एका बाकावर बसलेल्या. डिसेंबरातली दुपार होती, गच्चीवर गाद्या उन्हाला टाकल्या होत्या आणि दोघी आपापला फोन हातात धरून त्या गाद्यांवर बसल्या होत्या. सह्यगिरी विज्ञान संस्थेचा आगाऊ निकाल तीनला लागणार होता. संस्था घाटात कुठंतरी होती, दोघींनी ती फोटोतच पाहिली होती, पण गेली दोन वर्षं केतकीच्या तोंडी दुसरं नाव नव्हतं.

सुरभीच्या फोनवर आलं 'स्वीकार'. केतकीच्या फोनवर आलं 'प्रतीक्षा'.

सुरभी उठून गच्चीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळाली. जिन्यात वाकून "आई, झालं गं माझं" म्हणून ओरडली. आणि मग तिला आठवलं की गच्चीवर आणखी कुणीतरी आहे.

"तुझं काय?"

केतकीनं फोन पुढं केला.

"अगं, प्रतीक्षा म्हणजे काय नकार नव्हे. एप्रिलमध्ये होईल की तुझं." असं म्हणून सुरभीनं तिच्या पाठीवर थोपटलं. थोपटलं, बरं का. दारातल्या मांजराला थोपटतात तसं.

आता ही सुरभी कोण? जिनं सह्यगिरीचं नावसुद्धा केतकीच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. अर्ज कर म्हणून मागं लागली केतकी. दोन वर्षं रोज संध्याकाळी हिला रसायन आणि गणित शिकवलं केतकीनं. मोलची गणितं हिच्या डोक्यात शिरेनात तेव्हा शेंगदाणे मांडून मांडून समजावली. आणि आता जागा हिला, आणि केतकीनं थांबायचं. केतकीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती जिना उतरून घरी आली.

एवढ्यावर भागलं असतं तरी कदाचित निवळलं असतं. पण संध्याकाळी माने काकू पेढे घेऊन आल्या. मागं सुरभी, हातात दुसरा डबा, कारण अजून अर्धी कॉलनी वाटायची होती. काकूंनी केतकीच्या हातावर पेढा ठेवला आणि तिच्या आईला म्हणाल्या, "आमच्या सुरभीनं ताण म्हणून घेतला नाही बघा. हसतखेळत केलं, म्हणून झालं. केतकीला सांगा, जरा हसत जा म्हणावं."

सुरभी शेजारीच उभी होती. ती यावर काहीतरी बोलेल म्हणून केतकी तिच्याकडं बघत राहिली. 'आई, केतकीनं शिकवलं म्हणून झालं' एवढं एकच वाक्य. सुरभी पेढ्याच्या डब्याचं झाकण लावत होती. तेवढंच लावत राहिली.

पेढा केतकीनं खाल्ला नाही. मोरीत टाकला आणि वरून तांब्याभर पाणी ओतलं. याचं उट्टं काढायचंच, असं तिनं तिथं मोरीत उभं राहूनच ठरवलं.

आता इथं त्या यंत्राबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. तोपर्यंत प्रवेश परीक्षा बंद झाल्या होत्या. अकरावीत आलेलं प्रत्येक पोर कानात 'सोबती' घालायचं. वाटाण्याएवढं यंत्र, अभ्यासात अडलं की कानात सांगणारं. ते फुकट मिळायचं, कारण बदल्यात ते ऐकायचं. अडलेल्या गणिताशी तुम्ही किती वेळ झुंजता, कंटाळा आला की काय करता, कुणाशी कसं बोलता, चिडलात तर किती वेळानं शांत होता. दोन वर्षांच्या या ऐकण्यातून संस्था तुमचं एक प्रतिरूप बनवायची. हाडामांसाचं नव्हे, गणिताचं. अमुक प्रसंग आला तर हे पोर काय करील, त्याच्या शक्यता मांडून ठेवलेलं. लोक त्याला सरळ 'डुप्लिकेट' म्हणायचे.

मग अर्जदारांचे डुप्लिकेट संस्था एका खोट्या वसतिगृहात सोडायची आणि चार वर्षं तासाभरात पळवायची. एकदा नव्हे, हजारदा. माणसाच्या आयुष्यात नशिबाचाही भाग असतो. एका खेळात पोर ऐन परीक्षेत तापानं फणफणेल, दुसऱ्यात त्याला देवमाणूस प्राध्यापक भेटेल. हजार खेळ खेळले की नशीब इकडंतिकडं सारखं होतं आणि उरतो तो माणसाचा स्वतःचा कल. या शास्त्रातला सगळ्यांत मोठा शोध मात्र वेगळाच होता. पोराचं पुढं काय होणार, हे त्याच्या मार्कांपेक्षा त्याच्या खोलीत दुसरं कोण राहतं यावर जास्त ठरतं. म्हणून एकमेकांना ओळखणारे दोन अर्जदार असले की त्यांचे डुप्लिकेट एकाच खोलीत ठेवायचे. ते एकमेकांशी कसे वागतात याची माहिती आयतीच हातात असायची.

डिसेंबरचा निकाल कच्चा असायचा. सोबती मार्चअखेर ऐकत राहायचा, हजार खेळ पुन्हा व्हायचे आणि एप्रिलमध्ये पक्का निकाल. संस्था यातलं काहीच लपवत नव्हती. त्यामुळं सांगलीत 'डुप्लिकेट संस्कार वर्ग' निघाले होते, तिथं सोबतीसमोर कसं बोलावं ते फी घेऊन शिकवायचे. घरोघरी आया "कानात आहे ना रे, नीट बोल" म्हणून दटावायच्या.

तर केतकीला हे सगळं पाठ होतं. तिची डुप्लिकेट आणि सुरभीची डुप्लिकेट एका खोलीत राहतात, हेही माहीत होतं. म्हणजे सुरभीचं वाटोळं करायचं असेल तर त्या खोलीत जायला हवं. आणि तिथं जायचा रस्ता तिच्या स्वतःच्या कानात होता.

भांडण तिनं पहिल्याच दिवशी बाद केलं. भांडण सोबतीला ऐकू येतं. भांडखोर डुप्लिकेट दिसली की संस्था दोघींच्या खोल्या बदलते आणि सुरभी सुटते. खोली तीच राहिली पाहिजे, आणि त्या खोलीत सुरभीचा जीव गुदमरला पाहिजे. ती दुसरं काहीही सोसेल. उपाशी राहील, नापास होईल, पण कुणी तिच्याशी बोलत नाहीये हे तिला तासभरसुद्धा सोसत नाही.

आणि अबोला धरणं ही तर मगदूमांची घराण्याची विद्या. केतकीचे बाबा आणि त्यांची बहीण, म्हणजे केतकीची आत्या, एकमेकांशी बोलत नाहीत. केतकी पहिलीत होती तेव्हा कुणाच्या तरी लग्नात मानाच्या साडीवरून काहीतरी झालं, त्याला आता वर्षं लोटली. पण येणं-जाणं बंद नाही, अजिबात नाही. दर भाऊबीजेला आत्या येते, बाबांना ओवाळते, बाबा ताटात साडी ठेवतात. मग आत्या केतकीच्या आईकडं वळून म्हणते, "वहिनी, यांना सांगा, रंग चांगला आहे." बाबा भिंतीकडं बघून म्हणतात, "तिला म्हणावं, पटला नाही तर दुकानदार बदलून देईल." खरा अबोला असा असतो. त्यात आवाज चढत नाही, तोंड वाकडं होत नाही. समोरचा माणूस फक्त हिशेबातून जातो.

दुसऱ्या दिवशी सुरभीनं नेहमीसारखी फाटकातून हाक मारली. केतकी बाहेर आली, चपला घातल्या आणि चालू लागली. सुरभी बोलत होती, केतकी चालत होती. क्लासमध्ये सुरभीनं पेन मागितलं. केतकीनं पेन दोघींच्या मधे ठेवलं, तिच्या हातात दिलं नाही. संध्याकाळी सुरभी रसायनाचं पुस्तक घेऊन आली आणि समोर बसली. केतकीनं आपलं पुस्तक उघडलं आणि मनात वाचू लागली.

"रागावलीस काय?" सुरभीनं विचारलं. "बोल की. काय झालं ते तरी सांग."

केतकीनं पान उलटलं.

पहिल्या आठवड्यात सुरभी हसण्यावारी न्यायची. दुसऱ्या आठवड्यात रडकुंडीला आली. तिसऱ्या आठवड्यात तिनं वर्गातल्या सगळ्यांना विचारून झालं की केतकीला काय झालंय. केतकी सगळ्यांशी छान बोलायची, आधीपेक्षा जास्तच हसून बोलायची, माने काकूंनी सांगितलंच होतं ना हसत जा म्हणून. सुरभी जवळ आली की नुसती गप्प. आणि खरं सांगायचं तर केतकीला ते गोड लागायचं. सुरभीचा चेहरा उतरला की तिला वाटायचं, हे आता तिच्या सोबतीनं ऐकलं, तिकडं त्या खोलीत तिची डुप्लिकेट आता थोडी आणखी मोडली. घरी येऊन ती दोन घास जास्त जेवायची.

संक्रांतीला सुरभी आली ती एकटीच. केतकीची आई पुढच्या खोलीत एका म्हाताऱ्या पेशंटला गुडघा वाकवायला लावत होती. ती फिजिओथेरपिस्ट, निम्मे पेशंट घरीच यायचे. सुरभीनं केतकीच्या आईच्या हातावर तिळगूळ ठेवला, पाया पडली आणि आत आली. केतकी टेबलाशी बसली होती. सुरभीनं टेबलाच्या कडेला दोन वड्या ठेवल्या.

"तिळगूळ घे," ती म्हणाली. "गोड नको बोलूस. नुसतं बोल."

एक वडी उचलावी, असं केतकीला वाटून गेलं. तेवढ्यात तिला त्या डब्याचं झाकण आठवलं, लावत राहिलेलं, आणि ते वाटणं तिथंच विरलं. ती उठली, खिडकी उघडली आणि बाहेर बघत उभी राहिली. पाठीमागं सुरभी किती वेळ थांबली कोण जाणे. दाराचा आवाज झाला तेव्हा केतकी वळली. वड्या टेबलावर तशाच होत्या.

पेशंट गेल्यावर आई आत आली.

"मान्यांची पोर रडत गेली. काय झालं?"

"काही नाही."

"अबोला धरलायस तू. मला शिकवू नकोस, लग्न होऊन या घरात आले त्याला वीस वर्षं झाली, त्यातली निम्मी तुझ्या आत्याचे निरोप बाबांना पोचवण्यात गेली." आईनं खुर्ची ओढली. "धरायचा तर कारण सांगून धर. समोरच्याला गुन्हा तरी कळू दे."

"तिला कळायला हवा."

"एका कॉलेजवरून चाललंय हे सगळं? केतकी, मी रोज दहा माणसांना पायावर उभं करते. त्यातल्या एकानंही मला कधी विचारलं नाही की बाई, तुमचं कॉलेज कुठलं."

"म्हणूनच तू मिरजेत बसून गुडघे वाकवतेस."

बोलून गेली आणि केतकीला वाटलं, आता आई हात उचलणार. आईनं हात उचलला नाही.

"हो," ती म्हणाली. "आणि लोक चालत घरी जातात." मग तिनं टेबलावरच्या दोन्ही वड्या उचलून तोंडात टाकल्या आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

फेब्रुवारीत सुरभी फाटकातून हाक मारायची थांबली. तिचं गणित घसरलं. रसायनाच्या चाचणीत ती नापास झाल्याचं केतकीला वर्गात कळलं, आणि शेंगदाणे मांडल्याची आठवण होऊन ती मनातल्या मनात हसली. मार्चमध्ये माने काकू एकदा येऊन गेल्या. "सुरभी जेवत नाही नीट, झोपत नाही, सारखं म्हणते मी काय केलं, मी काय केलं. तुला काही माहीत आहे का गं?" केतकीनं त्यांना पाणी दिलं आणि मोठ्या नम्रपणे सांगितलं, "नाही हो काकू. तिला सांगा, जरा हसत जा म्हणावं."

काकूंना स्वतःचंच वाक्य ओळखू आलं नाही. केतकीला त्याचाही आनंद झाला.

एप्रिलच्या पहिल्या सोमवारी पक्का निकाल लागला. या वेळी केतकीनं तो एकटीनं उघडला, घरात, सकाळी, आई दवाखान्यात गेल्यावर. 'स्वीकार'. तिनं भिंतीला कान लावला. पलीकडं काहीच आवाज नव्हता, म्हणजे पलीकडं काय आलं ते तिला कळलं. सुरभीचा स्वीकार गेला होता. केतकी खोलीच्या मधोमध उभी राहिली. जिंकल्यावर माणूस काय करतो ते तिला आठवेना.

तासाभरानं संस्थेचा फोन आला. निवडलेल्या प्रत्येकाला येतो तसाच. पडद्यावर डॉक्टर पळसुले नावाच्या बाई दिसल्या, गोरटेल्या, हसऱ्या.

"अभिनंदन, केतकी. तुमचा होकार आज संध्याकाळपर्यंत कळवायचा. त्याआधी तुमच्या प्रतिरूपाबद्दल काही विचारायचं असेल तर विचारा, तो तुमचा हक्क आहे."

"मॅडम, डिसेंबरमध्ये माझं का झालं नव्हतं?"

"ते सोपं आहे. तेव्हा तुमचं प्रतिरूप रोज दोन-अडीच तास रूममेटला शिकवण्यात घालवत होतं. हजारच्या हजार खेळांत. त्यामुळं रूममेट पुढं जायची आणि तुम्ही मागं राहायचा. डिसेंबरनंतर तुम्ही ते पूर्ण थांबवलंत. फार प्रगल्भ निर्णय."

केतकी खुर्चीत मागं टेकली. म्हणजे तिचं दुःख खोटं नव्हतं. सुरभीची जागा खरोखर तिच्या वेळेतून कापलेली होती. चार महिने जे नुसतं वाटत होतं त्यावर यंत्रानं शिक्का मारला होता. यानं तिला आनंद व्हायला हवा होता.

"आणि रूममेटचं काय झालं?"

"ते तसं गोपनीय असतं. पण तुमच्या खोलीपुरतं सांगता येईल. ती सुरुवातीला खूप बोलायची. रोज विचारायची, मी काय केलं. दुसऱ्या वर्षापर्यंत विचारायची. मग तिचा अभ्यास सुटायचा. बहुतेक खेळांत ती संस्था सोडून घरी जाते."

"आणि मी?"

"तुम्ही उत्तम. बहुतेक खेळांत सुवर्णपदक."

"तिच्याशी भांडण वगैरे?"

"एकही नाही. आम्ही भांडणं मोजतो, तक्रारी मोजतो, चढलेला आवाज मोजतो. तुमच्या खोलीत सगळीकडं शून्य. आमच्याकडं त्याला आदर्श खोली म्हणतात." बाई कौतुकानं हसल्या.

केतकीला आत्या आठवली. ज्यांनी हे यंत्र बांधलं त्यांच्या घरात भाऊबीजेला कुणी भिंतीकडं बघून बोलत नसावं. त्यांना वाटत होतं, भांडणाला आवाज असतोच.

"मॅडम, माझं प्रतिरूप तिच्याशी परत कधी बोललं?"

बाईंनी बाजूला बघितलं, काहीतरी तपासलं. "नाही."

"चार वर्षांत?"

"कुतूहल म्हणून आम्ही तुमच्यासारख्यांचे खेळ पुढंही पळवतो. पंधरा वर्षं, वीस वर्षं. ती भेटते काही खेळांत. एकात तिच्या लग्नाला तुम्ही जाता. आहेर तिच्या आईच्या हातात देता."

"हजारातून एकदाही नाही? एकदाही मी बोलले नाही?"

"एकदाही नाही," डॉक्टर पळसुले म्हणाल्या. "इतकं सुसंगत व्यक्तिमत्त्व फार कमी बघायला मिळतं आम्हाला. म्हणून तर तुमची निवड झाली."

फोन बंद झाल्यावर केतकीच्या डोळ्यांपुढं त्या खोल्या उभ्या राहिल्या. हजार खोल्या, आणि प्रत्येक खोलीत खिडकीशी पाठमोरी उभी असलेली एक मुलगी. एकीलाही तिळगूळ घ्यावासा वाटला नाही. मला तर वाटला होता, ती मनाशी म्हणाली. संक्रांतीला मला वाटला होता. पण ते कुणाच्या कानानं ऐकलं नाही, कारण त्या वेळी केतकीनं तोंडच उघडलं नव्हतं. आणि जे तोंडातून बाहेर पडलं नाही ते त्या मुलीत उतरलं नाही.

तिला त्या मुलीचा इतका संताप आला की सुरभीचासुद्धा कधी आला नव्हता. सुवर्णपदक घेऊन वीस वर्षांनी लग्नाचा आहेर आईच्या हातात देणारी ती बया. माझं नाव लावून हिंडते, माझ्या तोंडानं गप्प बसते. सूड उगवायचा तर आता हिच्यावर, असं केतकीला वाटलं. आणि हिच्यावर सूड उगवायची रीत एकच, की हिनं हजारात एकदाही केलं नाही ते करायचं.

ती चपला न घालताच शेजारी गेली. सोबती तिनं काढला नाही. ऐकू दे मेल्याला, म्हणाली.

माने काकू ओट्याशी होत्या. सुरभी जमिनीवर विळीशी बसून कैऱ्या चिरत होती. डोळे सुजलेले, केस कसेतरी बांधलेले. केतकी दारात उभी राहिली आणि बोलायला लागली. इतके महिने साठलेलं सगळं एकदम बाहेर पडलं, त्याला ना धड सुरुवात ना शेवट. पेढ्याचं बोलली, डब्याच्या झाकणाचं बोलली. डुप्लिकेट मोडायला अबोला धरला हे सांगितलं. तू नापास झालीस तेव्हा मी हसले, हेही सांगितलं. "तू एक वाक्य बोलली असतीस गं," ती शेवटी म्हणाली. "केतकीनं शिकवलं, एवढंच. तेवढ्यासाठी मी तुझं सगळं घालवलं. आणि मला जागा मिळाली."

विळीवरचा सुरभीचा हात थांबला होता. काकू हातात उलथनं घेऊन बघत राहिल्या होत्या. सुरभीनं मान वर केली. केतकीकडं नाही, आईकडं बघितलं.

"आई," ती म्हणाली, "हिला सांग, जाताना दार ओढून घे."

आणि पुढची कैरी उचलली.

केतकीनं दार ओढून घेतलं. घरी येऊन तिनं फोन उचलला आणि होकाराच्या जागी नकार कळवला. पाचच मिनिटांत डॉक्टर पळसुलेंचा फोन.

"केतकी, काहीतरी चूक झाली का? तुमच्या प्रतिरूपानं एकाही खेळात ही जागा नाकारली नव्हती."

"तेच तर, मॅडम. ती जागा सुरभी मानेला मिळेल?"

"नाही. यादीत पुढं भंडाऱ्याचा एक मुलगा आहे."

"मग त्याला द्या," केतकी म्हणाली आणि कानातला सोबती काढून टेबलाच्या खणात टाकला.

संध्याकाळी आईनं सगळं ऐकून घेतलं. शाबासकी दिली नाही, बोल लावला नाही. "मी तुला तसं बोलले," केतकी म्हणाली, "गुडघे वाकवतेस म्हणून."

"बोललीस खरी," आई म्हणाली. "आता रडायचं असेल तर रडून घे, नाहीतर पुढं ये आणि कुलकर्णी आजोबांचा पाय धर. मला एकटीला पेलत नाही." केतकीनं जाऊन पाय धरला. आजोबांनी तिला विचारलं, बारावीनंतर काय करणार. ती म्हणाली, बघू. जग बुडालं नव्हतं, हे तिच्या लक्षात आलं, आणि आजोबांचा गुडघा त्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त वाकला.

जुलैत दोघींनी सांगलीच्या एकाच कॉलेजात बीएस्सीला प्रवेश घेतला. ठरवून नव्हे. गुण जिथं नेतात तिथं दोघी गेल्या, एवढंच. प्रयोगशाळेत जोड्या आडनावांच्या क्रमानं लावतात. मगदूम, मग माने. एका टेबलाशी, एका ब्युरेटशी, समोरासमोर.

आणि सुरभी बोलेना. केतकी रोज बोलायला सुरुवात करायची, काल काय झालं, आई काय म्हणाली, शेंगदाणे आणलेत, घे. सुरभी वहीत लिहीत राहायची. काही हवं असलं की प्रयोगशाळेतल्या कांबळे मामांना हाक मारायची. "मामा, हिला सांगा, बर्नर बारीक कर." मामा बिचारे दोन टेबलं ओलांडून यायचे आणि सांगायचे, "पोरी, बर्नर बारीक कर." केतकीला आता कळत होतं, समोरच्याला तेव्हा काय काय होत होतं. तरी ती रोज यायची, रोज बोलायची. हे चार वर्षं चालेल का, वीस वर्षं चालेल का, हे सांगायला आता कुठलं यंत्र नव्हतं. तेवढाच एक दिलासा होता, आणि तीच भीतीही.

ऑगस्टमधल्या एका मंगळवारी आम्ल आणि अल्कलीचा प्रयोग होता. केतकी ब्युरेटची तोटी धरून थेंब थेंब सोडत होती. फ्लास्कमधलं पाणी फिक्कट गुलाबी झालं की थांबायचं असतं. ती बोलण्याच्या नादात होती, आत्याचं काहीतरी सांगत होती, आणि फ्लास्कमध्ये एकदम गडद राणी रंग पसरला.

"जास्त गेलं की," सुरभी म्हणाली. "आंधळी आहेस काय?"

केतकीचा हात तोटीवर तसाच राहिला. कांबळे मामा सवयीनं निघाले होते, ते अर्ध्या वाटेत थांबले. हजार खोल्यांतल्या एकाही केतकीवर असं कुणी खेकसलं नव्हतं.

"काय म्हणालीस?"

"आंधळी आहेस काय, म्हणाले." सुरभीनं वहीतून डोकं वर काढलं नाही. "तू अबोला धरला होतास ना, त्यापेक्षा एक दिवस जास्त धरायचा होता मला. काल बरोबरी झाली."

"मोजत होतीस?"

"रोज." मग तिनं वर बघितलं. डोळ्यांत पाणी होतं आणि रागही होता, दोन्ही भरपूर. "आणि त्या दिवशी मी बोलायला पाहिजे होतं, पेढ्यांच्या वेळी. मला माहीत होतं, तरी झाकण लावत बसले. ते वेगळं. त्यासाठी तू काय भांडायचं ते भांड, जेवणाच्या सुट्टीत. आता ते ओतून टाक आणि नव्यानं कर. या वेळी तोंड बंद ठेवून."

"तोंड बंद ठेवू?"

"नको," सुरभी घाईनं म्हणाली. "बोल. पण बघत बघत बोल."

केतकीनं फ्लास्क बेसिनमध्ये ओतला, धुतला आणि पुन्हा भरायला घेतला.